राइज, ड्रॉप आणि चेंज-अप : फास्टपिच सॉफ्टबॉलमधील अवघड चेंडू कसे खेळावेत

2004 साली अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या एका प्रदर्शनीय सॉफ्टबॉल सामन्यात जेनी फिंच या पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) आल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स या मेजर लीगमधील तीन नामांकित बॅटरना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. त्या तिघांच्या ताकदीत किंवा बॅटच्या वेगात काही उणे नव्हते. त्यांची नजर वर्षानुवर्षे खांद्याच्या वरून सुटणाऱ्या चेंडूवर घडली होती, आणि कमरेखालून सुटून चढत येणारा चेंडू बॅटरजवळच्या होम प्लेटपाशी नेमका कुठे पोहोचेल याचा अंदाज त्या नजरेला वेळेत बांधता आला नाही. सॉफ्टबॉलची बॅटिंग शिकवताना मी या घटनेला फार महत्त्व देते, कारण तिच्यातून दिसते की अवघड चेंडू हा आधी नजरेचा आणि निर्णयाचा प्रश्न असतो. बॅट फिरवण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या संघांत मात्र सरावाचा बहुतेक वेळ टीवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांडीवर) ठेवलेला चेंडू जोरात मारण्यात जातो आणि कोणता चेंडू सोडायचा हे शिकवायचे राहून जाते.

या लेखातील पद्धत महिलांच्या फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या, खेळाला धरून आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरला समोर ठेवून मांडली आहे. डावखुऱ्या बॅटरने दिशा उलट्या कराव्यात. पुरुषांच्या खेळात पिचरचे अंतर 14.02 मीटर असल्याने आकडे थोडे बदलतात, तत्त्वे बदलत नाहीत.

वेळेचा हिशेब

महिलांच्या खेळात पिचिंग प्लेट आणि होम प्लेट यांच्यामध्ये 13.11 मीटर, म्हणजे 43 फूट अंतर असते. पिचर लांब पाऊल टाकून पुढे येते आणि चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साधारण 11 मीटरच कापायचे असतात. ताशी 95 किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे 0.42 सेकंदात पार करतो. बेसबॉलमध्ये ताशी 145 किलोमीटर वेगाच्या चेंडूला जवळपास एवढाच वेळ लागतो, यावरून सॉफ्टबॉलच्या बॅटरवर काळाचा किती दाब असतो हे लक्षात यावे. बॅट फिरवण्यालाच या वेळातील 0.15 ते 0.2 सेकंद खर्ची पडतात. म्हणजे चेंडू निम्म्या वाटेवर येईपर्यंत मारायचे की सोडायचे हे ठरलेले असले पाहिजे.

महाराष्ट्रात सॉफ्टबॉलकडे येणारी अनेक मुले-मुली आधी क्रिकेट खेळलेली असतात आणि त्यांना येथे एक अडचण हमखास येते. क्रिकेटमध्ये टप्पा पडल्यावर चेंडूचा अंदाज सुधारण्याची दुसरी संधी मिळते. सॉफ्टबॉलमध्ये टप्पाच नसल्याने सगळा अंदाज चेंडू हातातून सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मीटरांतच बांधावा लागतो. क्रिकेटहून आलेल्या खेळाडूंचे हात आणि मनगटे उत्तम तयार असतात, पण त्या उशिरा पाहतात. त्यांच्यासोबत पहिले काही आठवडे बॅट बाजूला ठेवून केवळ पाहण्याचा सराव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारी डगआउटमधून (संघाच्या बसण्याच्या जागेतून) सुरू होते

समोरच्या पिचरचे चेंडू पहिल्यांदा बॅटर्स बॉक्समध्ये (बॅटरने उभे राहण्याच्या आखीव चौकोनात) उभे राहिल्यावर पाहायचे, हा खेळाडू करतात त्या चुकांपैकी सर्वांत महागडा प्रकार आहे. पिचर वॉर्म-अप करत असतानाच पुढील गोष्टींची नोंद घ्यावी : तिच्याकडे किती प्रकारचे चेंडू आहेत, त्यांपैकी कोणता तिला हमखास स्ट्राइक झोनमध्ये (ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो त्या प्लेटवरील जागेत) टाकता येतो, आणि कोणता चेंडू टाकताना तिची हालचाल बदलते. शालेय आणि विद्यापीठ पातळीवर बहुतेक पिचरकडे दोनच भरवशाचे चेंडू असतात, आणि तीन बॉल (झोनबाहेरचे, बॅटरने सोडलेले चेंडू) झाल्यावर त्या पहिल्याच भरवशाच्या चेंडूकडे वळतात. एवढे कळले तरी बॅटरचे निम्मे काम झाले.

हालचालीतील बदल पाहण्यासाठी तीन खुणा उपयोगी पडतात. राइज बॉल, म्हणजे चढत येणारा चेंडू, टाकताना पिचरला चेंडूखालून हात न्यावा लागतो, त्यामुळे तिचे वजन मागच्या अंगाला राहते, मागचा खांदा खाली झुकतो आणि पाऊल बहुधा लांब पडते. ड्रॉप बॉलच्या, म्हणजे प्लेटपाशी खाली पडणाऱ्या चेंडूच्या, वेळी पाऊल आखूड पडते आणि शरीर पुढे, चेंडूच्या वर येते. चेंज-अपच्या, म्हणजे फसव्या संथ चेंडूच्या, वेळी पकड बदललेली दिसते. हाताची पाठ बॅटरकडे वळते किंवा चेंडू तळहातात खोलवर धरलेला असतो, आणि ज्यांचा चेंज-अप कच्चा असतो त्यांचा हातही मंदावतो. या खुणा प्रत्येक पिचरमध्ये दिसतीलच असे नाही. अनुभवी पिचर त्या लपवायला शिकलेल्या असतात, म्हणून खुणेवर विसंबून बॅट फिरवू नये. खुणेने मनाची तयारी करावी आणि निर्णय चेंडू पाहूनच घ्यावा.

ऑन-डेक वर्तुळात (पुढच्या बॅटरने वाट पाहण्याच्या जागी) उभे असताना निव्वळ बॅट फिरवत राहू नये. पिचरच्या प्रत्येक चेंडूवर आपले पाऊल टाकून पाहावे, म्हणजे बॉक्समध्ये जाण्यापूर्वीच तिच्या लयीशी आपली लय जुळते. आधी खेळून आलेल्या सहकारी खेळाडूला विचारण्याचा प्रश्नही नेमका असावा. ‘कशी टाकतेय?’ या प्रश्नाला ‘फास्ट आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘पहिला चेंडू कोणता होता आणि दोन स्ट्राइक झाल्यावर काय टाकले?’ असे विचारले, तर कामाची माहिती मिळते.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. पिचर दमेल आणि चेंडू सोपे होतील, या आशेवर सॉफ्टबॉलमध्ये योजना आखता येत नाही. खालून हात फिरवण्याच्या या पद्धतीत पिचर एकाच दिवशी दुसरा सामनाही खेळू शकते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत 413 चेंडू टाकले आणि त्यातल्या अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला 3-1 असे हरवले. उशिराच्या इनिंगमध्ये बॅटरला फायदा मिळतो तो पिचर थकल्यामुळे फारसा नसतो. तिचे चेंडू दोनदा-तीनदा पाहून झाल्यामुळे असतो. म्हणून पहिल्या वेळी आउट होतानाही चार-पाच चेंडू पाहून घेणारी बॅटर पहिल्याच चेंडूवर सोपा झेल देणाऱ्या बॅटरपेक्षा संघाच्या अधिक उपयोगी पडते.

नजर कुठे ठेवावी

विंडमिल पद्धतीत पिचरचा हात पूर्ण वर्तुळात फिरतो. बॅटर जर सुरुवातीपासून हाताचा पाठलाग करू लागली, तर तिची नजर वर, मागे, खाली अशी ओढली जाते आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी ती स्थिर नसते. त्यामुळे पिचरने हालचाल सुरू केल्यावर नजर तिच्या छातीवर किंवा गणवेशावरील क्रमांकावर सैलसर ठेवावी, आणि हात खाली येऊ लागताच ती नितंबाशेजारच्या त्या लहानशा चौकटीवर आणून रोखावी, जिथून चेंडू सुटतो. प्रत्येक पिचरची ही चौकट थोडी वेगळी असते. ती डगआउटमधूनच निश्चित करून ठेवावी.

चेंडू सुटताना दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. पहिला प्रश्न : चेंडू त्या चौकटीतून वर निघाला, सपाट निघाला की खाली? वर निघालेला चेंडू राइज असण्याची शक्यता मोठी. काही चेंज-अपही टांगल्यासारखे वर निघतात, पण त्यांचा वेग लगेच कळतो. दुसरा प्रश्न शिवणीचा. पिवळ्या चेंडूवरील लाल शिवण उठून दिसते, आणि सरावाने ती बॅटरच्या दिशेने गडगडत येते आहे की उलट्या दिशेने फिरते आहे हे ओळखता येते. सुरुवातीला हे अशक्य वाटते. आपल्या पिचरच्या सरावाच्या वेळी हेल्मेट घालून, बॅट न फिरवता बॉक्समध्ये नुसते उभे राहावे आणि प्रत्येक चेंडूचे नाव तो कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. यात पिचरचाही सराव होतो, आणि दोघींचा वेळ सार्थकी लागतो.

बॉक्समध्ये कुठे उभे राहावे

बॅटर्स बॉक्स 7 फूट लांब आणि 3 फूट रुंद असतो. इतकी जागा मिळूनही बहुतेक खेळाडू पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत एकाच ठिकाणी उभ्या राहतात. ड्रॉप आणि कर्व्ह (बाजूला वळणारा चेंडू) टाकणाऱ्या पिचरसमोर बॉक्सच्या पुढच्या भागात उभे राहावे, म्हणजे चेंडू पूर्ण खाली पडण्यापूर्वी किंवा पूर्ण वळण्यापूर्वी गाठता येतो. पिचरचा मुख्य चेंडू चेंज-अप असेल आणि तिचा वेग फारसा नसेल, तरीही पुढेच उभे राहावे.

राइज बॉलविषयी प्रशिक्षकांत दोन मते आहेत. चेंडू चढण्यापूर्वीच गाठण्यासाठी पुढे उभे राहावे, असे काहीजण सांगतात. माझा अनुभव मात्र वेगळे सांगतो. राइज बॉल हा बहुधा पिचरचा सर्वांत वेगवान चेंडू असतो. त्याच्यासमोर पुढे उभे राहून बॅटर आपला आधीच तोकडा असलेला वेळ आणखी कमी करून घेते. मागे उभे राहिल्यास पाहायला वेळ मिळतो आणि उंच जाणारा चेंडू सोडून देणे सोपे होते. स्ट्राइक झोन बॅटर कुठे उभी आहे यावर मोजला जात नाही, तर चेंडू होम प्लेटवरून जाताना कोणत्या उंचीवर होता यावर मोजला जातो, हे मात्र नेहमी ध्यानात ठेवावे. मागे उभ्या असलेल्या बॅटरला खांद्याजवळ दिसलेला चेंडू प्लेटवरून जाताना काखेच्या खाली असू शकतो.

प्लेटपासूनचे अंतर ठरवताना बॅटचे टोक प्लेटच्या बाहेरच्या कडेपर्यंत सहज पोहोचते का, हे वाकून न पाहता नैसर्गिक स्विंगच्या स्थितीत तपासावे.

राइज बॉल

राइज बॉल जांघेच्या उंचीवरून थोड्या वरच्या दिशेने सोडला जातो आणि पिचर त्याला उलटी फिरकी देते. या फिरकीमुळे हवेचा दाब चेंडूला वर उचलण्याचा प्रयत्न करतो आणि गुरुत्वाकर्षणाचा परिणाम काही अंशी कमी होतो. चेंडू अधेमधे एकाएकी उसळी मारत नाही. तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. आपला मेंदू मात्र इतर चेंडूंच्या अनुभवावरून तो अमुक उंचीवर येईल असे गृहीत धरतो आणि बॅट त्या जागी नेतो. चेंडू तिथून थोडा वरून जातो. बॅटरला वाटते, चेंडूने शेवटच्या क्षणी उडी मारली.

यातून पहिला नियम निघतो. हातातून सुटल्यावर थोड्याच अंतरात कमरेच्या उंचीवर आलेला आणि अजून चढणारा चेंडू सोडावा. तो प्लेटपाशी छातीच्या वर असणार. जो चेंडू सुरुवातीला गुडघ्यांच्या उंचीवर दिसतो आणि चढत चढत मांडीच्या किंवा पट्ट्याच्या उंचीवर येतो, तोच राइज मारण्याजोगा असतो, आणि तो खरोखर चांगला लांब जातो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्ट्राइक झोनची वरची मर्यादा काख ही आहे. बॅटर स्टान्समध्ये आपले हात साधारण त्याच उंचीवर धरते, त्यामुळे ‘हातांच्या वरचा चेंडू माझा नाही’ एवढे एकच वाक्य मनाशी पक्के करावे. राइज बॉलवर जगणाऱ्या पिचरची मिळकत ही बव्हंशी झोनबाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवणाऱ्या खेळाडूंकडून होते. तीन-चार बॅटरनी लागोपाठ उंच चेंडू सोडले, तर पिचरला तो खाली आणावा लागतो, आणि खाली आणलेला राइज बॉल हा तिच्या हातातील सर्वांत मारण्याजोगा चेंडू असतो. म्हणून हे काम एकट्या बॅटरचे नाही. संपूर्ण संघाने पहिल्या इनिंगपासून ठरवून केले तरच त्याचे फळ मिळते.

दुसरा नियम बॅटच्या मार्गाविषयी आहे. उंच चेंडूकडे जाताना बहुतेक खेळाडूंचा मागचा खांदा खाली पडतो आणि बॅट खालून वर जाते. चढत्या चेंडूवर चढती बॅट म्हणजे एकतर हुकणे, नाहीतर इनफिल्डमध्येच उंच झेल. यावर उपाय असा की चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर नेम धरावा, बॅटचे टोक हातांच्या खाली पडू न देता मनगटांच्या वरच ठेवून पुढे आणावे आणि मागची कोपर शरीराजवळून न्यावी. ‘बॅट सपाट ठेव’ ही सूचना मी टाळते, कारण ती ऐकून खेळाडू लाकूड तोडल्यासारखी बॅट खाली आपटतात. ‘चेंडूच्या वर ये’ एवढे म्हटले की शरीर योग्य ते करते.

सरावासाठी दोन काठ्या रोवून प्लेटच्या पुढे बॅटरच्या काखेच्या उंचीवर एक दोरी बांधावी. प्रशिक्षकाने खाली बसून, कमी अंतरावरून, काही चेंडू दोरीच्या खालून आणि काही वरून जातील असे टाकावेत. बॅटरने पहिल्या फेरीत बॅट न फिरवता ‘खाली’ किंवा ‘वर’ एवढेच म्हणावे. दुसऱ्या फेरीत फक्त खालचे चेंडू मारावेत. मारलेल्या चेंडूंपेक्षा सोडलेल्या उंच चेंडूंची मोजणी करावी आणि तीच वहीत लिहावी.

ड्रॉप बॉल

ड्रॉप बॉलची युक्ती याच्या उलट आहे. चेंडूला पुढची फिरकी मिळालेली असते, त्यामुळे तो मांडीच्या उंचीवर सपाट येत असल्यासारखा भासतो आणि प्लेटपाशी गुडघ्यांखाली जातो. बॅटर त्याच्या वरच्या भागावर बॅट आपटते आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) गडगडत जातो.

येथे बॉक्सच्या पुढच्या भागात उभे राहणे सर्वाधिक उपयोगी ठरते. निम्म्या वाटेवर गुडघ्यांच्या उंचीवर दिसणारा चेंडू नि:शंकपणे सोडावा. जो चेंडू तिथपर्यंत पट्ट्याच्या आसपास आहे तो मारावा, आणि मारताना कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे वाकवून खाली जावे, म्हणजे डोळ्यांची पातळी चेंडूपासून एकदम बदलत नाही. पडत्या चेंडूच्या मार्गाला जुळावा म्हणून बॅटचा मार्ग किंचित चढता ठेवावा आणि चेंडू पुढच्या पायाच्या थोडा पुढे गाठावा. राइज बॉलसाठी वर दिलेली सूचना येथे लावली तर नुकसान होते; म्हणूनच पिचर कोणता चेंडू अधिक टाकते हे आधी माहीत असण्याला इतके महत्त्व आहे.

ड्रॉप बॉल अनेकदा जमिनीवर आपटतो. पहिल्या बेसवर रनर नसेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट न झेलल्यास बॅटरला पहिल्या बेसकडे धावता येते. आपल्या स्पर्धांत कित्येक मुली तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट हुकली की मान खाली घालून डगआउटकडे वळतात, आणि मिळू शकणारा बेस हातचा जातो. सरावात हुकलेल्या प्रत्येक तिसऱ्या स्ट्राइकनंतर धावण्याची सवयच लावावी.

चेंज-अप

माझ्या मते हा तिन्हींत सर्वांत अवघड आहे, कारण त्यात बॅटरला तिचेच शरीर फसवते. ताशी 95 किलोमीटरचा चेंडू 0.42 सेकंदात पोहोचतो, तर ताशी 75 किलोमीटरच्या चेंडूला सुमारे 0.53 सेकंद लागतात. हा 0.11 सेकंदाचा फरक ऐकायला नगण्य आहे. पण वेगवान चेंडूच्या हिशेबाने बॅट फिरवली, तर बॅट प्लेटवरून जाते त्या वेळी हा संथ चेंडू अजून दोन मीटरांहून अधिक मागे असतो.

चेंज-अपची वाट पाहत बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जी बॅटर प्रत्येक चेंडूला संथ चेंडूची अपेक्षा धरते, ती वेगवान चेंडूला कधीच वेळेत पोहोचत नाही. तयारी वेगवान चेंडूचीच करावी आणि शरीराला असे शिकवावे की पुढे गेल्यावरही थांबता येईल. त्याचे मर्म पाय आणि हात यांना वेगळे करण्यात आहे. पुढचे पाऊल लवकर आणि हलके, अंगठ्याकडच्या भागावर टेकवावे. त्या वेळी हात मात्र मागच्या खांद्यापाशीच राहावेत आणि वजन मागच्या पायावर बरेचसे शिल्लक असावे. पाऊल पडले तरी स्विंग सुरू झालेला नाही, ही स्थिती ज्या बॅटरला धरून ठेवता येते, तिला चेंज-अप फार क्वचित फसवतो. पाऊल आणि हात एकत्र पुढे जातात तिला मात्र सावरायला काहीच उरत नाही. क्वचित पुरते फसलेच, तर पुढचा गुडघा वाकवून, हात शक्य तितके मागे ठेवून चेंडू फाउल करण्याचा प्रयत्न करावा.

टीवरचा एक साधा सराव यासाठी फार गुणकारी आहे. पाऊल टाकावे, थांबावे, प्रशिक्षकाने ‘मार’ म्हटल्यावरच बॅट फिरवावी. ‘मार’ म्हणण्याचा अवधी प्रत्येक वेळी बदलावा. नंतर हाच सराव समोरून टाकलेल्या चेंडूंवर करावा, ज्यात प्रशिक्षक एकाच हालचालीने कधी जोरात तर कधी हळू चेंडू टाकेल. बॅटरला आधी काहीही सांगू नये.

चेंज-अप केव्हा येईल याचा अंदाज बांधण्यासाठी आपल्याच फाउल चेंडूंकडे पाहावे. उजव्या हाताच्या बॅटरचा फाउल पहिल्या बेसच्या बाजूला जात असेल, तर ती उशिरा पोहोचते आहे. शहाणी कॅचर तिला आणखी वेगवान चेंडूच मागवील. फाउल तिसऱ्या बेसच्या बाजूला जोरात गेला असेल, तर बॅटर लवकर पोहोचली, आणि पुढचा चेंडू संथ असण्याची शक्यता वाढली. पिचर आणि कॅचर हा हिशेब मांडतातच. बॅटरने तो मांडला नाही, तर त्या दोघींना तिच्याविषयी तिच्यापेक्षा अधिक माहिती असते.

कर्व्ह, स्क्रू आणि स्लॅप

कर्व्ह बॉल उजव्या बॅटरपासून दूर वळतो. त्याला थोडे आत येऊ द्यावे आणि उजव्या फील्डकडे ढकलावे. पुढचा खांदा लवकर उघडू नये. स्क्रू बॉल अंगावर येतो. प्लेटपासून अर्धे पाऊल दूर सरकून, हात शरीराजवळून नेत तो पुढे गाठावा. या दोन्ही चेंडूंची उंची फारशी बदलत नसल्याने ते राइज आणि ड्रॉपपेक्षा सोपे जातात.

डावखुरी आणि वेगाने धावणारी खेळाडू संघात असेल, तर तिला स्लॅप (धावत धावत चेंडू ढकलण्याचा फटका) अवश्य शिकवावा. बेसमधील अंतर केवळ 18.29 मीटर आहे, आणि चालत्या पावलांनी चेंडू शॉर्टस्टॉपच्या बाजूला ढकलून तीन सेकंदांच्या आसपास पहिला बेस गाठणाऱ्या मुलीपुढे इनफिल्डला चूक करायला जागाच उरत नाही. ड्रॉप बॉल तिला मानवतो, कारण तिला चेंडू जमिनीवरच हवा असतो. उंच राइज मात्र तिने सोडलाच पाहिजे. चेंडूला बॅट लागताना एक संपूर्ण पाऊल बॉक्सच्या बाहेर जमिनीवर टेकलेले असेल, तर ती आउट ठरते, हा नियम सरावातच आखीव रेषेवर पक्का करावा.

मोजणीप्रमाणे बदलणारी योजना

पहिल्या चेंडूपासून दुसरा स्ट्राइक होईपर्यंत बॅटरने झोनचा केवळ एक भाग आपला मानावा. राइज टाकणाऱ्या पिचरसमोर तो मांडीपासून पट्ट्यापर्यंतचा, ड्रॉप टाकणाऱ्या पिचरसमोर पट्ट्याच्या आसपासचा. त्याबाहेरचा चेंडू स्ट्राइक असला तरी सोडावा. हे ऐकून पालक आणि काही प्रशिक्षकही अस्वस्थ होतात, कारण स्ट्राइक सोडणे त्यांना भित्रेपणाचे वाटते. वास्तविक काखेजवळचा राइज स्ट्राइक मारून मिळणारा निकाल बहुतेक वेळा झेलच असतो, आणि एक स्ट्राइक देऊन पुढचा चांगला चेंडू मिळवणे हा फायद्याचा व्यवहार आहे.

दोन बॉल आणि एकही स्ट्राइक नाही, किंवा तीन बॉल आणि एक स्ट्राइक, अशी स्थिती असताना योजना आणखी आकुंचित करावी. पिचरला आता स्ट्राइक हवा आहे आणि ती आपला भरवशाचा चेंडू टाकणार. त्याच एका चेंडूची वाट पाहावी आणि तो आला तर पूर्ण ताकदीने मारावा.

दोन स्ट्राइक झाल्यावर सर्व बदलते. बॅट दोन बोटे वर धरावी, प्लेटच्या थोडे जवळ यावे, आपला झोन चारही बाजूंनी एका चेंडूच्या रुंदीएवढा वाढवावा आणि स्विंग आखूड करावा. कडेचा चेंडू फाउल करून आणखी एक चेंडू मागून घ्यावा. दोन स्ट्राइक झाल्यावर बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवण्याचा फटका) मात्र जपून करावा, कारण तो फाउल गेल्यास बॅटर आउट होते. एवढे करूनही छातीच्या वरचा राइज सोडण्याचा नियम दोन स्ट्राइकवरही शिथिल करू नये. पिचर नेमका त्याच वेळी तो टाकते.

यंत्र नसताना सराव

बहुतेक शाळांकडे पिचिंग मशीन नसते, आणि त्यामुळे वेगवान चेंडूंचा सराव होत नाही, असे सांगितले जाते. हे कारण टिकणारे नाही. प्रशिक्षकाने 8 मीटरवरून ताशी 60 किलोमीटर वेगाने खालून टाकलेला चेंडू 0.48 सेकंदात पोहोचतो. पूर्ण अंतरावरून येणाऱ्या ताशी 82 किलोमीटरच्या चेंडूला तितकाच वेळ लागतो. अंतर कमी करत गेले की वेग वाढल्याचा परिणाम मिळतो. इतक्या जवळून चेंडू टाकताना प्रशिक्षकासमोर मजबूत जाळी आणि बॅटरच्या डोक्यावर हेल्मेट असल्याखेरीज सराव सुरू करू नये. मारलेला चेंडू जवळून अंगावर आल्यास गंभीर दुखापत होते.

आठवड्यातील सरावाची वाटणी करायची झाल्यास एक दिवस पूर्णपणे पाहण्याला द्यावा, ज्यात बॅट जवळजवळ फिरतच नाही. एक दिवस दोरीखालील उंच-खाली चेंडूंना आणि ड्रॉप बॉलला. वेग बदलणाऱ्या चेंडूंना दोन दिवस द्यावेत, कारण हे कौशल्य उशिरा येते आणि लवकर जाते. टीवरचा सराव रोज थोडा असावा, पण टी नेहमी एकाच उंचीवर ठेवू नये : पट्ट्याची उंची, गुडघ्याची उंची, आतली कड, बाहेरची कड अशी ती सतत बदलावी. सामन्याच्या आदल्या दिवशी नवीन काही शिकवू नये.

सामन्यात प्रत्येक बॅटरच्या खेळीनंतर डगआउटमध्ये एका खेळाडूने वहीत तीन रकाने भरावेत : पहिला चेंडू कोणता होता, ज्या चेंडूवर खेळी संपली तो कोणता, आणि त्या वेळी किती बॉल व किती स्ट्राइक झाले होते. संघाची पूर्ण फेरी संपेपर्यंत नऊ ओळी तयार होतात. दुसऱ्या फेरीपूर्वी प्रशिक्षकाने त्या सर्वांना एकदा वाचून दाखवाव्यात, आणि त्यातून पिचरचा जो एक चेंडू सर्वाधिक वेळा पहिला आलेला दिसेल, त्याच्यावरच पुढच्या तीन बॅटरनी नजर ठेवून बॉक्समध्ये जावे.